बाहेरच्या लाईनचा शून्य

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

कोणत्याही मोठ्या कचेरीत जा, फोनशेजारी टेबलाच्या काचेखाली एक कागद हमखास सापडतो. एकाखाली एक आकडे टंकलेले असतात. स्वागतकक्ष, लेखा विभाग, भांडार, सुरक्षा चौकी. आणि त्यांच्या खाली, बहुतेक वेळा अधोरेखित केलेली, एक ओळ असते : ‘बाहेरच्या लाईनसाठी ० लावा.’ काही ठिकाणी शून्याऐवजी नऊ असतो. आपण तो न विचारता लावतो. पण हा शून्य आला कुठून, तो कुणी ठरवला आणि तारांचे फोन जाऊन इंटरनेटवर चालणारे फोन आले तरी तो गेला का नाही, हे प्रश्न फारसे कुणाला पडत नाहीत.

या शून्याला सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो नुसता यंत्रांचा इतिहास नाही. बाहेरच्या जगाशी कुणी बोलावे, कुणी बोलू नये आणि संकटाच्या वेळी कुणाचा आवाज कुठे पोचावा, याचाही तो इतिहास आहे. तो सांगण्यासाठी मी उभे राहायला एक जागा निवडली आहे : नाशिकरोडजवळचे एकलहरे. औष्णिक वीज केंद्रामुळे हे नाव महाराष्ट्रभर माहीत झाले. वीज केंद्रच का, ते पुढे कळेल.

सुरुवात मात्र मुंबईपासून करायला हवी. १८८१ मध्ये सरकारने ओरिएंटल टेलिफोन कंपनी या इंग्लिश कंपनीला मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत टेलिफोन केंद्रे उघडण्याचा परवाना दिला आणि १८८२ च्या जानेवारीत ती सुरू झाली. तेव्हा फोनला तबकडी नव्हती, नंबर फिरवणे नव्हते. फोन उचलायचा, केंद्रातला माणूस ‘कोण हवे?’ विचारणार, आणि तो हाताने एक दोरी उचलून दुसऱ्याच्या भोकात खोचणार. कोणता कॉल लागेल, किती वेळाने लागेल, हे सगळे त्या दोरी खोचणाऱ्या हातावर अवलंबून असे. डायलिंगचा नियम म्हणजे एक जिताजागता माणूस होता.

या माणसाला बाजूला सारण्याची कल्पना ज्याला सुचली तो ना शास्त्रज्ञ होता, ना इंजिनिअर. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतला आल्मन स्ट्रॉजर हा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. असे सांगतात की, गावात दुसरा एक त्याच धंद्यातला होता आणि त्याच्या घरची बाई टेलिफोन केंद्रात काम करायची. कुणाच्या घरी मयत झाली आणि स्ट्रॉजरला फोन करायला गेले की कॉल नेमका प्रतिस्पर्ध्याकडे जायचा. गोष्टीत थोडे मीठमसाला असेल, पण १८९१ मध्ये स्ट्रॉजरला स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असे केंद्र सुरू झाले, हे पक्के आहे. आपल्याकडे पहिले स्वयंचलित केंद्र सिमल्याला आले, १९१३-१४ मध्ये. सातशे लाईनचे.

शून्याचे मूळ या स्ट्रॉजरच्या यंत्रात आहे. जुनी तबकडी आठवा. आकड्यात बोट घालून फिरवली आणि सोडली की ती कर्र कर्र करत मागे यायची. एक फिरवला की विजेचा प्रवाह एकदा तुटायचा, पाच फिरवला की पाच वेळा, आणि शून्य फिरवला की दहा वेळा. केंद्रात एक दांडा या प्रत्येक झटक्याबरोबर एकेक पायरी वर चढायचा. म्हणजे पहिला आकडा हा खरे तर मजला असायचा. दोन फिरवलात तर दुसऱ्या मजल्यावर, शून्य फिरवलात तर दहाव्या. मग मोठ्या कचेऱ्यांनी आपल्या आवारात अशीच छोटी केंद्रे बसवली तेव्हा प्रश्न आला, की आतल्या टेबलांना कोणते मजले द्यायचे आणि बाहेर जाणाऱ्या लाईनना कोणता? एक हा आकडा सहसा टाळत, कारण फोन उचलताना हुक जरा हलला तरी एक झटका जातो आणि यंत्राला वाटते की एक फिरवला. मधले मजले आतल्या टेबलांना दिले, आणि टोकाचा, नववा किंवा दहावा, बाहेर जाण्यासाठी राखून ठेवला. दांडा त्या मजल्यावर पोचला की मोकळी लाईन शोधायचा आणि कानाला दुसरा टोन ऐकू यायचा. तो टोन सार्वजनिक केंद्राचा. आपण कचेरीच्या उंबऱ्याबाहेर पडलो, याची ती खूण.

बाहेर जाणाऱ्या त्या लाईनला ‘ट्रंक’ म्हणतात. ट्रंक म्हणजे गावी जाताना घ्यायची लोखंडी पेटी नव्हे, झाडाचे खोड. फांद्या अनेक, खोड एक. कचेरीत शंभर टेबले असली तरी बाहेर जाणाऱ्या लाईन दहाच असतात, कारण सगळे एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत. या हिशेबावर कचेरीचे फोन उभे आहेत, तेव्हाही आणि आताही.

आता एकलहऱ्याला येऊ. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. एकलहऱ्याचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले. पुढे १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच आले. पहिले दोन संच कालांतराने निवृत्त झाले. वीज केंद्र म्हणजे एक लहानसे गावच असते. बॉयलर, टर्बाइन, कोळशाचे आवार, पाण्याचे पंप, नियंत्रण कक्ष, दवाखाना, अग्निशमन, कामगारांची वसाहत. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायचे असते, आणि त्यातले काही बोलणे सेकंदाचाही विलंब न चालणारे असते.

अशा केंद्रात त्या काळी तीन वेगवेगळ्या टेलिफोन व्यवस्था नांदत असत. पहिली, आतल्या आत बोलण्याची. दुसरी, पोस्ट आणि तार खात्याची सार्वजनिक लाईन. आणि तिसरी, जी सर्वसामान्य माणसाच्या कधी नजरेस येत नाही, ती विजेच्या तारांवरून बोलण्याची. तिला पॉवर लाईन कॅरिअर म्हणतात. उच्च दाबाच्या ज्या तारांमधून वीज वाहते, त्याच तारांवर बऱ्याच वरच्या वारंवारितेची लहर सोडायची आणि त्या लहरीवर माणसाचा आवाज चढवायचा. वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, ही लहर हजारो आवर्तने करते. म्हणून दोघी एका तारेवरून गेल्या तरी एकमेकींच्या पायात येत नाहीत. वीज उपकेंद्रावरून जाताना तारेच्या टोकाला पिंपासारखे एखादे मोठे वेटोळे टांगलेले दिसते. आवाजाची लहर उपकेंद्राच्या यंत्रांत न शिरता बोलण्याच्या यंत्राकडेच जावी, यासाठी ते असते. या व्यवस्थेने एका वीज केंद्रातून दुसऱ्याशी आणि राज्यभराच्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या भार प्रेषण केंद्राशी बोलता यायचे. किती मेगावॅट वाढवा, किती कमी करा, कोणती लाईन बंद होते आहे, हे निरोप त्यावरून जायचे.

मंडळाने स्वतःची तार का वापरली? कारण सार्वजनिक फोनची तेव्हाची गत. भारतात कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत १९६० च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा थेट नंबर फिरवून परगावी बोलता येऊ लागले. ती एस.टी.डी. देशभर पसरायला पुढची कित्येक वर्षे लागली. तोपर्यंत १८० फिरवायचा, ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट पाहायची. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते. लाइटनिंग म्हणजे वीज. पण या विजेलाही कधीकधी तास-दोन तास लागत! लग्नपत्रिकेवर नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहिलेले असायचे, म्हणजे हा शेजाऱ्यांचा फोन, त्यांनी हाक मारली तर आम्ही येऊ. अशा जमान्यात राज्याची वीज ट्रंक कॉलवर सोडून चालणार नव्हते.

पण या स्वतंत्र लाईनला एक कडक अट होती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने तारायंत्र चालवण्याचा हक्क सरकारने स्वतःकडे ठेवला होता. तुम्हाला परवानगी मिळते ती तुमच्या कामापुरती. बाहेरच्या माणसाचा फोन या खासगी तारेवरून दुसऱ्या गावी नेऊन तिथल्या सार्वजनिक लाईनला जोडून द्यायचा नाही. सरकारचा ट्रंक कॉलचा महसूल बुडेल, आणि कोण कुणाशी बोलतो याचा माग राहणार नाही. ही अट लक्षात ठेवा. इंटरनेटच्या फोनवर हीच अट पुन्हा आली.

सार्वजनिक फोनवर एस.टी.डी. आली आणि कचेऱ्यांत दोन शून्यांचा जन्म झाला. पहिला शून्य कचेरीबाहेर पडण्यासाठी, दुसरा शहराबाहेर पडण्यासाठी. नाशिकचा कोड २५३, मुंबईचा २२. नाशिकच्या कचेरीतून मुंबई लावायची तर शून्य, दुसरा टोन, मग शून्य-दोन-दोन. परदेशी लावायचे तर तीन शून्य. जितके शून्य जास्त तितके बिल मोठे, आणि जितके बिल मोठे तितका साहेब मोठा. कचेरीतली प्रतिष्ठा शून्यांत मोजली जाऊ लागली. शिपायाच्या टेबलावर शून्य नाही, कारकुनाला एक, सेक्शनच्या साहेबांना दोन, आणि सर्वात वरच्यांना तीन. ज्यांच्या टेबलावर ‘डायरेक्ट लाईन’ असे त्यांची तर बातच वेगळी.

या शून्यांना कुलपे लागली. अक्षरशः कुलपे. तबकडीच्या भोकात एक छोटे कुलूप घातले की ती फिरत नसे. पण तबकडी करते काय, प्रवाह मोजून तोडते. ते काम फोनचा हुक दाबूनही करता येते. म्हणून हुकावर टिचक्या मारून, पाच टिचक्या म्हणजे पाच, दहा टिचक्या म्हणजे शून्य, असा नंबर लावणारे उस्ताद होते. कुलूप जागच्या जागी आणि कॉल मुंबईला! मग एस.टी.डी. कॉलची वही आली. नाव, नंबर, कारण, वेळ, सही. ‘कारण’ या रकान्यात ‘कार्यालयीन’ हा एकच शब्द वर्षानुवर्षे भरला गेला. त्यातल्या कितीतरी कॉलांचे खरे कारण आईची तब्येत, मुलीचे बाळंतपण, पोराचा निकाल असे असणार. ज्याच्या घरी फोन नाही त्याला कचेरीचा शून्य हाच आधार होता. हे विसरून त्याला नुसती चोरी म्हणणे सोपे आहे.

१९८४ मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. तिने भारतीय हवामानात, वातानुकूलन यंत्राशिवाय चालेल असे इलेक्ट्रॉनिक ग्रामीण केंद्र बनवले. ते पहिल्यांदा १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. गमतीची गोष्ट अशी, की १२८ जोडण्यांचे हे ग्रामीण केंद्र आणि कचेऱ्यांसाठीचे सी-डॉटचे १२८ जोडण्यांचे यंत्र ही सख्खी भावंडे होती. एकाने गाव जोडले, दुसऱ्याने कचेरी. इलेक्ट्रॉनिक यंत्र आल्यावर कुलूप तबकडीवर राहिले नाही, ते यंत्राच्या स्मरणात गेले. कोणत्या टेबलाला कोणता वर्ग, हे आकडे दाबून ठरवता येऊ लागले. केवळ आतले, स्थानिक, एस.टी.डी., आय.एस.डी. असे चार वर्ग बहुतेक सगळीकडे असत. ईपीएबीएक्स हा जीभ वळवणारा शब्द मराठी कचेऱ्यांत रुळला तो तेव्हापासून.

पण स्मरणातले नियम बदलत्या जगाबरोबर बदलावे लागतात. २००२-०३ च्या सुमारास जुन्या नंबरांपुढे दोन हा आकडा लागला, नाशिकचे सहा आकडी नंबर सात आकडी झाले. त्याच दशकात काही वर्षे जवळच्या शहरांना शून्याऐवजी ९५ लावायची पद्धत होती. ज्या कचेरीत शून्याला कुलूप होते पण ९५ ला नव्हते, तिथे एस.टी.डी. अचानक सगळ्यांना मोकळी झाली, आणि जिथे नऊ हा आकडा स्वागतकक्षाचा होता पण शून्य दाबून बाहेर पडायचे विसरले, तिथे ९५ लावणाऱ्यांना ‘गुड मॉर्निंग’ ऐकू येऊ लागले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलने देशभर कुठेही एका रुपयात एक मिनिट अशी योजना आणली. ज्या बिलाच्या भीतीने कुलपे लावली ते बिलच उतरले. कुलपे मात्र बराच काळ तशीच राहिली. सवय कारणापेक्षा जास्त जगते.

२००५ च्या जूनमध्ये विद्युत मंडळाचे विभाजन झाले. वीज बनवणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघरी देणारी महावितरण. काल जी दोन टेबले एका मंडळाची होती ती आता दोन कंपन्यांची झाली. त्यांच्यातला कॉल आतला की बाहेरचा, या साध्या प्रश्नालाही आता विचार करून उत्तर द्यावे लागते. टेलिफोनचे नियम संस्थेच्या रचनेचा आरसा असतात, ते असे.

मग इंटरनेटचा फोन आला. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा आणि संगणकाच्या जाळ्यावरून पाठवून पलीकडे पुन्हा जुळवायचे, ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रयोगात आली होती. सामान्य माणसाला वापरता येईल असा प्रोग्रॅम १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीने काढला. १९९९ मध्ये मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन तरुणाला आपल्या लहानशा कंपनीसाठी टेलिफोन यंत्र हवे होते. ते परवडेना, म्हणून त्याने साध्या संगणकावर चालणारे यंत्र स्वतः लिहिले आणि सगळ्यांना फुकट खुले केले. त्याचे नाव ॲस्टेरिस्क. आज जगभरच्या अनेक कचेऱ्यांचे फोन त्यावर किंवा त्याच्या भाऊबंदांवर चालतात. दांडा गेला, मजले गेले, दोऱ्या गेल्या. राहिला तो नियम.

हा नियम लिहायचा कसा, ते सोप्या शब्दांत सांगतो. यंत्राला तीन गोष्टी कळाव्या लागतात. कोण बोलतो आहे, त्याने काय दाबले, आणि तो कॉल कोणत्या ट्रंकवरून बाहेर काढायचा. समजा, नाशिकची कचेरी आहे. दोनापासून सातापर्यंतच्या आकड्याने सुरू होणारे तीन आकडी नंबर आतले. शून्य आणि पुढे सात आकडे आले तर स्थानिक कॉल. तो पहिला शून्य यंत्राने खाऊन टाकायचा, कारण तो फक्त उंबरा ओलांडायला होता, आणि उरलेले सात आकडे नाशिकच्या लाईनवर सोडायचे. दोन शून्य आणि दहा आकडे आले तर परगावचा किंवा मोबाइलचा कॉल. इथे एकच शून्य खायचा, दुसरा जाऊ द्यायचा. तीन शून्य म्हणजे परदेश, तिथे सांकेतिक आकडा मागायचा.

सोपे वाटते, पण मेख बारकाव्यात आहे. ‘शून्य आणि पुढे कोणतेही सात आकडे’ असे ढोबळ लिहिले, तर दोन शून्य लावणाऱ्याचे पहिले आठ आकडे जुळताच यंत्र त्याला स्थानिक समजून अर्धवट नंबरासह बाहेर ढकलू शकते. म्हणून स्थानिक नंबर शून्याने सुरू होत नाही, हे यंत्राला बजावून सांगावे लागते. माणसाला जे न सांगता कळते ते यंत्राला सांगावे लागते. जुन्या टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या डोक्यात असे शेकडो नियम होते, पण त्या कधी कागदावर नव्हते.

आणि ती जुनी अट? ती परत आली. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनला मर्यादित परवानगी मिळाली. पण कचेरीच्या खासगी डेटा लाईनवरून मुंबईहून नाशिकला आलेला आवाज नाशिकच्या सार्वजनिक फोनला जोडून द्यायचा नाही, हा नियम अनेक वर्षे होता. १९७० सालचीच भीती. महसूल आणि माग. एकाच यंत्रात आतला फोन आणि बाहेरचा फोन यांच्यात न दिसणारी भिंत बांधावी लागायची. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जूनमध्ये कॉल सेंटरसारख्या सेवांसाठी केंद्र सरकारने हे नियम बरेच सैल केले, आणि २०२३ मध्ये १८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने संमत केला. चोरून परदेशी कॉल वळवणे मात्र आजही गुन्हा आहे.

शून्याचा आणखी एक फेरा २०२१ मध्येच आला. १५ जानेवारीपासून लँडलाईनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. त्यामुळे २५४ कोटींहून अधिक नवे नंबर मोकळे होतील, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे गणित होते. त्या सकाळी ज्या कचेऱ्यांचे नियम बदललेले नव्हते, त्यांच्या मोबाइल कॉलना ‘नंबरापूर्वी शून्य लावा’ असे उत्तर मिळणार, हे उघड होते. शून्य लावला होता, पण तो यंत्राने खाल्ला होता!

इथवरच्या गोष्टी पैशाच्या आणि गैरसोयीच्या. खरा प्रश्न जिवाचा आहे. १ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या मार्शल गावी एका हॉटेलच्या खोलीत कारी हंट या तरुणीवर तिच्यापासून दुरावलेल्या नवऱ्याने हल्ला केला. खोलीत तिची नऊ वर्षांची मुलगी होती. तिला शिकवले होते, संकटात ९११ लाव. तिने लावला. एकदा नव्हे, चार वेळा. कॉल गेला नाही, कारण त्या हॉटेलात बाहेरच्या लाईनसाठी आधी ९ लावावा लागे. कारी वाचली नाही. तिच्या वडिलांनी चिकाटीने मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये अमेरिकेत तिच्या नावाचा कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या कचेरी-हॉटेलांच्या यंत्रांवर ९११ थेट लागलाच पाहिजे, आधी कोणताही आकडा न लावता. बाहेरच्या लाईनचा एक आकडा एवढा महाग पडू शकतो.

आपल्याकडे हा धोका दुसऱ्या वाटेनेही येतो. नव्या यंत्रात आतले नंबर पुष्कळदा १०० पासून सुरू करतात, १००, १०१, १०२. परदेशी सवय. पण आपल्याकडे १०० म्हणजे पोलीस आणि १०१ म्हणजे अग्निशमन, हे तीन पिढ्यांच्या बोटांत बसले आहे. आग लागल्यावर घाबरलेल्या माणसाने १०१ दाबावा आणि लेखापालाच्या रिकाम्या टेबलावरचा फोन वाजत राहावा! आता ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक आहे. तो कोणत्याही फोनवरून, कोणत्याही वर्गातून, शून्य लावून आणि न लावताही गेला पाहिजे, हा नियम यादीत सगळ्यात वर हवा.

तेवढ्याने भागत नाही. आज एका कंपनीच्या सगळ्या गावच्या फोनचे यंत्र एकाच शहरात असू शकते. समजा, मुख्यालय मुंबईला, कामाची जागा एकलहऱ्याला. कामगाराने ११२ दाबला आणि नियमाने तो मुंबईच्या ट्रंकवरून बाहेर काढला, तर पलीकडच्या माणसाला कॉल मुंबईचा वाटेल. पत्ता विचारण्यात मिनिटे जातील. म्हणून संकटाचे कॉल त्या त्या गावच्या लाईनवरूनच बाहेर पडले पाहिजेत, मग मुंबईची लाईन स्वस्त असली तरी.

आणि आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी वीज केंद्र निवडले. जुन्या फोनला वीज लागत नसे असे आपण म्हणतो, ते खरे नाही. त्याला वीज लागायची, पण ती टेलिफोन केंद्रातल्या बॅटरीतून, त्याच तारेवरून, सुमारे ४८ व्होल्ट दाबाने यायची. म्हणून गावभर अंधार झाला तरी फोन जिवंत असे. इंटरनेटच्या फोनचे तसे नाही. तो फोन, त्याचा स्विच, त्याचा सर्व्हर, प्रत्येकाला जागच्या जागी वीज लागते. एकाची बॅटरी संपली की सगळी साखळी मुकी.

आता विचार करा, औष्णिक केंद्र बंद पडले की पुन्हा सुरू करायलाच त्याला बाहेरून वीज लागते. पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या फिरल्याशिवाय बॉयलर पेटत नाही. ही वीज कुठून, कोणत्या लाईनने, किती वाजता येणार, हे बोलून ठरवावे लागते, आणि ते बोलणे नेमके अंधारात करायचे असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी वीज यंत्रणेतली माणसे एकमेकांशी बोलू शकतात म्हणूनच दिवे परत येतात. म्हणून वीज क्षेत्रात बोलण्याच्या यंत्रांना वेगळ्या बॅटऱ्या असतात आणि एक वाट बंद पडली तर दुसरी हाताशी ठेवतात. विजेच्या मनोऱ्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या संरक्षक तारेच्या पोटात आता काचेचे तंतू असतात. आवाज आणि आकडे त्यातून जातात. पण आपली तार आपल्या हातात असावी, ही पन्नास वर्षांपूर्वीची समज अजून तीच आहे.

आपल्या कचेरीत, दवाखान्यात, शाळेत इंटरनेटचा फोन बसणार असेल किंवा बसला असेल, तर बसवणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा. ११२ आणि १०१ शून्य न लावता जातात का? ते कोणत्या गावच्या लाईनवरून बाहेर पडतात? आणि वीज गेल्यावर हा फोन किती वेळ चालेल? उत्तर तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. उगीच संकटाचा नंबर लावून परीक्षा पाहू नका, नियमांची यादी मागा आणि वाचा. एरवी ती यादी एखादा तंत्रज्ञ दुपारच्या घाईत लिहून जातो आणि पुढची दहा वर्षे तिच्याकडे कुणी पाहत नाही. काचेखालच्या त्या कागदावर, ‘बाहेरच्या लाईनसाठी ०’ या ओळीच्या वर, आणखी एक ओळ ठळक अक्षरांत लिहा : ‘संकटात थेट ११२’. आणि ती ओळ आपल्या यंत्रात खरी आहे, याची खात्री झाल्यावरच लिहा.